एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागले तर : थांबावे कधी, धावावे कधी?



हा लेख लिहिण्याआधी एक गोष्ट कबूल करते. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी एका माणसाला चुकीचा सल्ला दिला. सल्ला प्रेमाने दिला होता, तरी त्याची किंमत त्याच्या डाव्या डोळ्याने मोजली. त्या दिवशी मला जे माहीत असायला हवे होते, ते आपल्या सर्व कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि वाड्यावस्त्यांवरील बचतगटांच्या महिलांना माहीत व्हावे, म्हणून हे लिहीत आहे.

जावळी खोऱ्यातील एका कातकरी वाडीवरची पाच कुटुंबे दरवर्षी दिवाळीनंतर सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या वीटभट्टीवर कामाला जातात. मुलांच्या शिक्षण हमी कार्डांच्या कामासाठी मी तिथे गेले होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत चाळिशीचा एक गडी माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "ताई, या डाव्या डोळ्यात चार दिस झालं काळ्या माशा दिसत्यात. हातानं उडवल्या तरी जात न्हाईत. रात्री अंधारात डोळा फिरवला की कडंला इज चमकल्यागत होतं. आणि कालपासनं खालून काळं पाणी चढल्यागत दिसतंय."

मी विचारले, "दुखतंय का?"

"न्हाई."

डोळा पाहिला. लाल नव्हता, चिकटा नव्हता, पाणी येत नव्हते. महिनाभरापूर्वी सरपण फोडताना ढलपी उडून त्या डोळ्याला लागली होती, पण सूज उतरली म्हणून तो विसरूनही गेला होता. मी त्याला धीर दिला. "अकरा दिवसांनी आपलं नेत्रशिबिर आहे. मोठे डॉक्टर येणार आहेत. तुझं नाव पहिलं लिहिते." त्याला ते पटले, कारण त्यालाही सुट्टी नकोच होती. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची होती आणि हजार विटांच्या हिशेबात एक दिवस बुडाला की घरच्या सगळ्यांचाच बुडतो.

शिबिरात डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे औषध घालून, कपाळावरच्या दिव्याने बराच वेळ आत पाहिले. मग त्यांनी विचारले, "पडदा पूर्ण सुटलाय. याला आधी कोणी पाहिलं नव्हतं का?"

"मी पाहिलं होतं," मी म्हणाले. दुसरे काही बोलण्यासारखे नव्हते.

पुढे शस्त्रक्रिया झाली. पडदा जागेवर बसला, पण नजर फारशी परतली नाही. आज त्या डोळ्याने त्याला हातभर अंतरावरची बोटे मोजता येतात, तेवढेच. उजवा डोळा चांगला आहे, म्हणून लोक म्हणतात, "एक तरी हाय." पण एका डोळ्याने अंतराचा अंदाज नीट येत नाही. डोक्यावर विटा घेऊन फळीवरून चढताना त्याचा पाय चुकतो. आता तो भट्टीवर गारा कालवण्याचे काम करतो आणि त्याला मजुरी कमी मिळते.

मोतीबिंदूने लावलेली सवय

मी असा सल्ला का दिला, याचा नंतर पुष्कळ विचार केला. आपल्या भागात डोळ्यांचा आजार म्हटला की मोतीबिंदूच डोळ्यापुढे येतो. त्याला मोठा इतिहास आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशनचे रुग्णालय उघडले, तेव्हापासून दूरदूरचे लोक डोळ्यांसाठी मिरजेची वाट धरू लागले. सांगली-मिरज रस्त्यावरची वॉनलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. पुढे 1976 साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावच्या शिबिरांतून असंख्य म्हाताऱ्या माणसांना पुन्हा दिसू लागले. ही मोठीच सेवा आहे आणि आपली संस्थाही तिच्यात खारीचा वाटा उचलते.

पण शिबिरांनी आपल्याला नकळत एक सवय लावली. मोतीबिंदू महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. सुगी संपेपर्यंत, पाऊस उघडेपर्यंत, पुढच्या शिबिरापर्यंत तो सहसा थांबतो. म्हणून डोळ्याचे दुखणे थांबतेच, असे आपण धरून चाललो. अचानक गेलेली नजर अशी थांबत नाही. तिथे हिशेब तासांचा असतो, फार तर एक-दोन दिवसांचा. हा फरक मला माहीत नव्हता.

दुसरी चूक माझ्या प्रश्नात होती. मी "दुखतंय का" असे विचारले आणि "नाही" ऐकून निश्चिंत झाले. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदनेची जाणीवच नसते. तो फाटला, सुटला, त्याचा रक्तपुरवठा तुटला, तरी दुखत नाही. म्हणून न दुखता गेलेली नजर ही दुखऱ्या डोळ्याइतकीच तातडीची मानायला हवी.

डोळ्याच्या आत काय असते?

मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण ईश्वरविज्ञानाच्या पदविकेचे आणि काम समाजसेवेचे. त्या प्रसंगानंतर नेत्रतज्ज्ञांकडे बसून जे समजून घेतले, ते सोप्या शब्दांत मांडते.

डोळ्याच्या पुढे पारदर्शक काच असते, तिला पारपटल म्हणतात. तिच्या मागे रंगीत बुबुळ आणि मधोमध बाहुलीचे छिद्र. बाहुलीच्या मागे भिंग. हेच भिंग गढूळ झाले की त्याला मोतीबिंदू म्हणतात. भिंगाच्या मागची पोकळी काचेसारख्या स्वच्छ, दाट रसाने भरलेली असते आणि सर्वांत मागे भिंतीला कागदासारखा पातळ पडदा चिकटलेला असतो. तो म्हणजे दृष्टिपटल. त्यावर चित्र उमटते आणि मागच्या मज्जातंतूतून मेंदूकडे जाते. या पडद्याच्या मध्यावर एक अगदी लहानसा भाग आहे. अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही कामे तोच करतो.

यांपैकी पुढची काच, भिंग, आतला रस, पडदा, त्याच्या रक्तवाहिन्या किंवा मागचा मज्जातंतू, कशातही अचानक बिघाड झाला तर अंधुक दिसते. बिघाड कुठे झाला आहे हे बाहेरून आपल्याला कळत नाही आणि ते ओळखण्याचा प्रयत्नही आपण करू नये. पण काही खुणा लक्षात ठेवल्या, तर किती घाई करायची हे नक्की कळते.

न दुखता जाणारी नजर

पडदा सुटणे. आधी पडद्याला बारीक चीर पडते. त्या वेळी डोळ्यापुढे एकाएकी माशा, जळमटे किंवा काजळीचे ठिपके तरंगू लागतात आणि डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे होते. चिरेतून पाणी मागे शिरले की भिंतीवरचा ओला कागद सुटावा तसा पडदा सुटत जातो आणि एका बाजूने सावली पुढे सरकते. पडद्यावर चित्र उलटे पडते, म्हणून सावली खालून वर चढत असेल तर पडदा वरच्या बाजूने सुटलेला असतो आणि तो वजनाने भराभर खाली येतो. आमच्या त्या भावाचे "काळं पाणी" हेच होते. डोळ्याला मार लागलेला असेल, जास्त नंबरचा चष्मा असेल किंवा पूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर हा धोका अधिक.

शंभर वर्षांपूर्वीपर्यंत पडदा सुटला म्हणजे डोळा गेला असेच समजत. 1920 च्या दशकात स्वित्झर्लंडमधील लोझान येथील डॉ. ज्युल गोनँ यांनी पडद्याची चीर शोधून ती बंद केली की पडदा पुन्हा बसतो, हे दाखवून दिले. आज नुसती चीर असताना रुग्ण पोहोचला, तर बहुधा लेझरने काम भागते. पडदा सुटला असला तरी मधला महत्त्वाचा भाग अजून चिकटलेला असेल, तर शस्त्रक्रियेने चांगली नजर टिकू शकते. तो भागही सुटून दिवस गेले, की पडदा बसवला तरी नजर पूर्वीसारखी होत नाही. अकरा दिवसांत आम्ही गमावले ते हेच.

पडद्याची रोहिणी बंद होणे. काही क्षणांत एका डोळ्यापुढे अंधार होतो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीचीच एक फांदी डोळ्याकडे जाते. तिच्यात गुठळी अडकली की पडदा उपाशी पडतो आणि काही तासांत कायमचा निकामी होतो. याला डोळ्याचा लकवा म्हटले तरी चालेल. कधी कधी दोन-पाच मिनिटे अंधार होतो आणि नजर पूर्ववत होते. तेव्हा आपण "चक्कर आली असेल" म्हणून सोडून देतो. ते सोडू नका. ती पुढे येऊ शकणाऱ्या पक्षाघाताची सूचना असू शकते आणि पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात. नजर परत आली असली तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाऊन हृदय, मान आणि रक्तदाब यांची तपासणी करून घेतली पाहिजे. पन्नाशीपुढच्या माणसाला कानशिलात नवीन दुखणे, घास चावताना जबडा दुखणे आणि त्याबरोबर अंधुकपणा असेल, तर तेही न विसरता डॉक्टरांना सांगावे.

पडद्याची शीर तुंबणे आणि आत रक्त उतरणे. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांत हे जास्त दिसते. सकाळी उठल्यावर एका डोळ्याने धुके दिसते, किंवा काळे-तांबडे धागे ओघळल्यासारखे दिसतात आणि मग सगळे गढूळ होते. यावर डोळ्यात देण्याची इंजेक्शने आणि लेझर असे उपचार आहेत. आपल्या वाड्यांवर साखरेची तपासणी न झालेली पुष्कळ माणसे आहेत. कित्येकांना मधुमेह असल्याचे पहिल्यांदा डोळ्यामुळेच कळते.

मज्जातंतूला सूज. ही तरुणांत, त्यातही स्त्रियांत जास्त. एक-दोन दिवसांत एका डोळ्याची नजर उतरते, डोळा फिरवला की आतून दुखते आणि लाल रंग फिका, धुतल्यासारखा दिसतो. पुष्कळदा नजर परतते, पण कारण शोधण्यासाठी तातडीने तपासणी हवीच.

दुखून जाणारी नजर

गेल्या पावसाळ्यात जावळीतल्याच एका वाडीवर रात्री आठच्या सुमारास आमच्या आरोग्यसेविकेला बोलावणे आले. साठीच्या आजी डोके धरून बसल्या होत्या. दोनदा उलटी झाली होती. घरचे म्हणत होते, पित्त झालेय, कोकमाचे सरबत द्या. सेविकेने विचारले, "आजी, एकेक डोळा झाकून बघा बरं." उजवा झाकल्यावर आजींना सगळे नीट दिसले. डावा झाकल्यावर म्हणाल्या, "धूर झालाय गं. दिव्याभवती इंद्रधनू दिसतंय." उजवा डोळा तांबडालाल होता.

हा काचबिंदूचा तीव्र झटका होता. डोळ्यात सतत पाणी तयार होते आणि बारीक वाटेने बाहेर जाते. ती वाट एकाएकी बंद झाली, की आतला दाब भयंकर वाढतो, डोळा दगडासारखा घट्ट होतो आणि मागचा मज्जातंतू दबून मरू लागतो. डोकेदुखी आणि उलटी यांमुळे त्याला पित्त किंवा अर्धशिशी समजण्याची चूक सर्रास होते. पिकून फुगलेल्या मोतीबिंदूमुळेही दाब असाच वाढू शकतो. "मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढू नये" हा जुना समज म्हणूनच सोडून द्यायला हवा.

आजींना त्याच रात्री जीपने साताऱ्याला नेले. औषधांनी दाब उतरवला आणि नंतर लेझरने बुबुळाला बारीक छिद्र करून पाण्याला वाट करून दिली. दुसऱ्या डोळ्यालाही तोच धोका असतो, म्हणून त्यालाही छिद्र केले. आजी आज तांदूळ निवडतात आणि माझ्या साडीवरचा डागही मला दाखवतात! सेविकेला काही मोठे वैद्यकीय ज्ञान होते असे नाही. तिने एकेक डोळा झाकून पाहायला सांगितले आणि सकाळची वाट पाहिली नाही, एवढेच.

डोळा लाल, दुखरा, उजेड सहन न होणारा आणि अंधुक असेल, तर डोळ्याच्या आतली सूज किंवा पारपटलाची जखमही असू शकते. डोळे येण्याच्या साथीत डोळे लाल होतात, चिकटतात, पण चिपडे पुसल्यावर सहसा नीट दिसते. लाल डोळ्याने दिसतही कमी असेल, तर "डोळे आलेत" म्हणून घरी बसू नये.

उसाचे पान, चुन्याची डबी आणि छिन्नीचा कण

सातारा आणि सांगली हे उसाचे जिल्हे. उसाच्या पानाची धार तोडणीच्या वेळी डोळ्याला सहज लागते. खरचटल्यासारखे वाटते, पण पानावरची बुरशी जखमेत शिरली तर चार-सहा दिवसांत पारपटलावर पांढरा डाग दिसू लागतो. त्यालाच आपण डोळ्यात फूल पडणे म्हणतो. फूल पडल्यावर नजर परत मिळवणे अवघड. नेपाळमध्ये भक्तपूर येथे गावातल्या कार्यकर्त्यांनी डोळ्याला खरचटलेल्या लोकांना लगेच प्रतिजैविकाचे मलम द्यायला सुरुवात केली, तेव्हा मोठ्या जखमा टळल्याचे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. खरचटल्या दिवशीच आरोग्यकेंद्रात जाणे याला इतके महत्त्व आहे. मात्र दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. काही थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने तात्पुरते बरे वाटते आणि आत बुरशी माजते.

तंबाखूच्या चुन्याची डबी किंवा पुडी लहान मुले दाबतात आणि चुना डोळ्यात उडतो. इथे आधी डॉक्टर नव्हे, आधी पाणी. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याने निदान वीस-तीस मिनिटे सतत धुवा, पापणीच्या आतला चुना निघू द्या आणि मगच रुग्णालयाकडे निघा. भट्टीवरची कळी, रंगाचे सामान, शेतीची औषधे यांनाही हाच नियम.

छिन्नी-हातोडा चालवताना कण उडून डोळ्यात शिरला किंवा काटा घुसला, तर मात्र उलट वागा. धुऊ नका, चोळू नका, दाबू नका, काटा उपसू नका. कागदी पेल्यासारखे काहीतरी डोळ्यावर न टेकता झाकण म्हणून धरा आणि तसेच मोठ्या रुग्णालयात न्या. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून वाटेत खायला देऊ नका.

घरच्या घरी एक मिनिटाची तपासणी

एका डोळ्याची नजर गेलेली पुष्कळदा त्या माणसालाच कळत नाही, कारण दुसरा डोळा उणीव भरून काढतो. डोळ्यात धूळ गेली, एक डोळा मिटला आणि मग लक्षात आले, असे सांगणारे किती तरी भेटतात. म्हणून आठवड्यातून एकदा, रविवारची सकाळ धरा हवी तर, घरातल्या सर्वांनी असे करावे :

1. चष्मा असेल तर तो घालून, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर दहा पावलांवर उभे राहावे.
2. तळहाताने डावा डोळा झाकावा, पण दाबू नये. उजव्याने आकडे पाहावेत.
3. मग उजवा झाकून डाव्याने पाहावे.
4. दाराची चौकट सरळ दिसते की वाकडी, कुठे सावली किंवा काळा डाग आहे का, दोन्ही डोळ्यांना लाल रंग सारखाच दिसतो का, हे पाहावे.

दोन डोळ्यांत नवा फरक आढळला, तर तो अंगावर काढू नये.

कधी जायचे?

ताबडतोब, रात्र असली तरी :
- एका डोळ्याची नजर काही मिनिटांत किंवा तासांत गेली, मग दुखो वा न दुखो
- थोडा वेळ अंधार होऊन नजर परत आली
- अंधुकपणाबरोबर तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे (अशा वेळी थेट 108)
- लाल, दुखरा डोळा, डोकेदुखी, उलटी, दिव्याभोवती रंगीत कडी
- एकाएकी माशा, विजा किंवा बाजूने सरकणारी सावली
- डोळ्याला मार, कण, काटा. किंवा चुना उडाल्यास धुऊन झाल्यावर

उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी :
- एक-दोन दिवसांत उतरत गेलेली नजर, डोळा फिरवताना दुखणे
- मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना सकाळी अचानक दिसलेले धुके
- सरळ रेषा वाकड्या दिसणे
- पान किंवा फांदी लागल्यावर टोचणे आणि उजेड सहन न होणे

शिबिरापर्यंत थांबता येईल : महिनोन्‌महिने हळूहळू कमी होत गेलेली नजर, बारीक अक्षर दूर धरून वाचावे लागणे, चष्म्याचा बदललेला नंबर.

आणखी एक. दोन्ही डोळ्यांना एकदम अंधुक दिसू लागले आणि आदल्या दिवशी दारू प्यालेली असेल, तर ती विषारी असू शकते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे मिटू लागल्या आणि एकाची दोन दिसू लागली, तर मण्यारीचा दंश असू शकतो. दोन्हींत जिवालाच धोका आहे. तिथे डोळ्याच्या नव्हे, थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

काय करू नये?

डोळ्यात मध, तूप, अंगावरचे दूध, झाडाचा चीक, कुणाचे उरलेले थेंब घालू नयेत. जिभेने किंवा पदराच्या टोकाने कुसळ काढू नये. डोळा चोळू नये. स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये.

एकदा एका वृद्ध बंधूंनी मला अडवले. म्हणाले, "ताई, प्रभूने तर आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावला होता. मग आम्ही पाला का नको?" मी म्हटले, "काका, त्या गोष्टीत पुढे त्याला तळ्यावर धुवायलाही पाठवलं होतं. लावण्याचं काम प्रभूकडे राहू द्या, धुण्याचं आपण करू." ते हसले. प्रार्थनेविषयीही माझे म्हणणे तसेच आहे. प्रार्थना अवश्य करा, पण गाडीत बसून करा. बरे वाटते का ते पाहू म्हणून तीन दिवस घरी प्रार्थना करणे हा विश्वास नव्हे, उशीर आहे.

कुठे जायचे, काय सांगायचे?

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रथमोपचार आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. पण अचानक नजर गेली असेल तर ज्या रुग्णालयात नेत्रतज्ज्ञ आहेत तिथेच जाणे बरे. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही मोठी सरकारी ठिकाणे आहेत. पडद्याची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सगळीकडे नसतात. त्यासाठी कोल्हापूर किंवा पुण्यालाही जावे लागू शकते. निघण्याआधी फोन करून विचारले तर एक दिवस वाचतो.

नोंदणीच्या खिडकीवर नुसते "डोळे दाखवायचे आहेत" म्हणू नका. तसे म्हटले तर चष्म्याच्या रांगेत उभे करतील. स्पष्ट सांगा : "एका डोळ्याची नजर अचानक गेली आहे. काल दुपारी तीनला सुरू झाले." कोणता डोळा, केव्हापासून, दुखते की नाही, मार लागला होता का, साखर आणि रक्तदाब आहे का, या पाच गोष्टी कागदावर लिहून द्या. कातकरी आणि पारधी बांधव खिडकीपाशी बुजतात. मागे ढकलले तरी बोलत नाहीत. म्हणून सोबत बोलणारे माणूस जावे. आपल्या कार्यकर्त्याचे खरे काम तिथेच आहे.

रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. पण कागद सापडत नाहीत म्हणून घरी थांबू नका. कागद मागाहून आणता येतात.

शेवटी

त्या भावाची मी क्षमा मागितली. तो म्हणाला, "ताई, तुमाला तरी कुटं ठावं हुतं?" त्याने ते मोठ्या मनाने म्हटले, पण मला त्यात दिलासा वाटत नाही. लोक ज्याला विचारतात, त्याने माहीत करून घेतले पाहिजे.

आता आमच्या शिबिराच्या पत्रकावर वेळ आणि ठिकाण यांच्या वर मोठ्या अक्षरांत एक ओळ असते : "नजर अचानक गेली असेल तर शिबिराची वाट पाहू नका. आजच निघा." ही ओळ लिहावी, हे त्यानेच सुचवले. यंदा भट्टीवर जाण्याआधी त्याने वाडीवरच्या पोरांना ओळीत उभे केले आणि एकेक डोळा झाकायला लावला. पोरांना तो खेळ वाटला. त्यातली सात वर्षांची एक मुलगी म्हणाली, "काका, या डोळ्यानं तुमी दिसतच न्हाई." लहानपणापासूनचा नंबर होता तो, कुणालाच माहीत नव्हता. तिला चष्मा मिळाला आहे, आणि चांगला डोळा रोज थोडा वेळ झाकून कमजोर डोळ्याकडून काम करून घ्यायला डॉक्टरांनी सांगितले आहे.

वाचकहो, हे पान फाडून आपल्या वाडीच्या समाजमंदिरात, भट्टीवर किंवा ऊसतोड कामगारांच्या तळावर चिकटवावे, अशी विनंती. आणि आता वाचून होताच एक डोळा झाकून पाहा, मग दुसरा.